कच्चा लाल

कोसमटोला, ता. आरमोरी
१२ जुलै १९८६

बाई,

गेल्या वर्षी तुझ्या पडवीत कांतानं सागाचं कोवळं पान माझ्या तळहातावर चोळलं आणि हात रक्तासारखा लाल झाला, त्या क्षणाला माझं सगळं बदललं. तुला आठवतही नसेल. तू कोपऱ्यात उशीच्या खोळीवर पळसाचं पान दाबत बसली होतीस. कांता म्हणाली, "पाहा, वरून हिरवं अन् पोटात आग. डिट्टो तुझ्यासारखं." तुमच्या छपाई मंडळाच्या सगळ्या बाया हसल्या. मी नाही हसलो. तीन दिवस मी मेसमध्ये चमच्यानं जेवलो, हात धुवावा लागू नये म्हणून. पोरं म्हणायची, "साहेब झाला का बे?" चौथ्या दिवशी रंग आपोआप गेला. मी बसून राहिलो त्या हाताकडे पाहत.

कॉलेज सुटलं हे सगळ्यांना माहीत आहे. का सुटलं ते तुला खरं सांगतो. फळ्यावर कोणीतरी मासा काढला होता आणि त्याच्या तोंडात कांताचं नाव. खाली लिहिलं होतं, 'ढिवराच्या पोरानं गळ टाकला.' मी स्टूल उचललं. ज्याला लागलं त्यानं ते लिहिलंच नव्हतं, हे नंतर कळलं. प्राचार्य म्हणाले, माफीनामा लिही. लिहिला, आणि त्यांच्यासमोरच फाडला. बी.ए.चं दुसरं वर्ष तिथं संपलं. तेव्हापासून कांता माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. स्टॅंडवर मी तिच्यासमोर उभा होतो तर ती माझ्यामागची वेळापत्रकाची पाटी वाचत राहिली.

आता इथे काकासोबत तलावावर असतो. शिंगाड्याचे वेल लावले. जाळं विणतो, त्याच्या गाठीही रागानंच मारतो. काका म्हणतो, हे मासे धरायचं जाळं आहे का रेडे?

तू तिच्या घरासमोर राहतेस. ती रोज तुझ्याकडे छापायला येते. तिला एवढंच विचार, मी काय केलं म्हणजे ती बोलेल. जे सांगेल ते करीन. आणि बाई, लवकर लिही. वाट पाहणं मला जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

तुझा
मन्सा


बाबूपेठ, चंद्रपूर
३ ऑगस्ट १९८६

चि. मनसाराम यास मानलेल्या बहिणीचा, गिरजाबाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. रडू आलं अन् रागबी आला. स्टूल मारलं तं मारलं, पन माफीनामा लिहून मंग फाडाचं काय काम होतं बाप्पा? तुझे भाऊजी म्हनतेत, हा पोट्टा भात शिजाच्या आधीच चुलीवरचा भाताचा गंज उतरवते.

मी कांताले इचारलं. ती ऐनाच्या झाडाचं पान पुसत होती. आम्ही सध्या सरकारी बंगल्याचे पडदे छापून राह्यलो. तिनं ते पान आखं पुसून खाली ठेवलं. मंग म्हनते, "गिरजाबाई, मले त्याचा राग चालते. माह्या बाबाचाबी राग असाच होता, आई सांगते. पन मनसारामले थांबताच येत नाई. आज फळ्यावर कोनी लिहिलं तं स्टूल. उद्या माह्या घरचे दोन शब्द बोलले तं काय उचलन?"

मी म्हटलं, "मंग काय करू म्हनतं त्यानं?"

म्हनते, "एक चादर छापावी. आखी. स्वताच्या हातानं, तुमच्या रीतीनं. वीस दिवस लागतेत तं वीस दिवस. ती चादर मी सोळा ऑक्टोबरच्या, दीक्षाभूमीच्या दिवसाच्या आत माह्या हातानं धुवीन. रंग रायला तं मी बाबासमोर तोंड उघडीन. मनसारामचं नाव घेईन."

मन्सा, पोट्टी आपल्या बापासमोर, देवराव गुरुजीसमोर तुझं नाव घेतो म्हनते. आनखी काय पाह्यजे तुले?

रीत तुले मालूम हाय, तरी लिहितो. गुळाच्या पान्यात गंजलेलं लोखंड टाकाचं अन् मडकं वीस दिवस झाकून ठेवाचं. उघडाचं नाई, हालवाचं नाई. तवर चादर हिरड्याच्या पान्यात बुडवून उन्हात वाळवाची, पिवळसर दिसन. वीस दिवसानं ते लोखंडाचं पानी पानाच्या पाठीकडून लावाचं, शिरा तिकडंच उठून रायतेत. हिरड्याच्या कपड्यावर पान दाबलं का काळीभोर छाप. कपडा फाटन, छाप जानार नाई. सागाचा लाल दिसाले चांगला, पन कच्चा हाय. एका धुन्यात पळते. त्याच्या नादी लागू नोको.

आनखी एक गोष्ट तिनं इचारली. तुझी आई तिच्या हातचं पानी पिईन का? म्हनते, त्याले म्हना, आईले इचारून लिहा. आपल्या मनानं नाई.

तुझी बाई
गिरजा


कोसमटोला
१६ सप्टेंबर १९८६

बाई,

सव्वा महिना पत्र नाही म्हणून रागावली असशील. खरं सांगतो, मी रुसलो होतो. मी काय शाळेतला पोरगा आहे परीक्षा द्यायला? तिच्यासाठी मी डोकं फोडलं, कॉलेज सोडलं, आणि ती म्हणते चादर छाप. महिनाभर तलावाकडे तोंड करून बसलो. मग एक दिवस काकाच्या शिंगाड्याच्या वेलात सागाचं पान वाहत येऊन अडकलं. नुसत्या शिरा उरल्या होत्या, बाकी सगळं कुजून गेलेलं. ते पान किती वेळ हातात धरून होतो कोण जाणे. घरी आलो आणि कामाला लागलो.

नावेचे जुने खिळे, तुटका विळा, बादलीची कडी, जे गंजलेलं मिळालं ते मडक्यात घातलं. गूळ टाकला. ११ तारखेला झाकण लावून वर दगड ठेवला. आईच्या पेटीतली जाड पांढरी चादर हिरड्यात बुडवून वाळवली. आई विचारते, "कोनासाठी रे?" मी म्हटलं, गिरजाबाईच्या मंडळाची आहे.

आज पाचवा दिवस. पाचवाच! मडकं चुलीमागच्या कोपऱ्यात आहे. कान लावला तर आतून बारीक बुडबुड ऐकू येते. दिवसातून दहा वेळा कान लावतो. आई म्हणते, "त्याच्यात का रेडिओ हाय?" १ ऑक्टोबरला वीस होतील. मी करीन. तिला सांग, मी करून दाखवीन.

आणि आईचं विचारलंस, तर सांग तिला, पिईल. माझी आई आहे, मला माहीत आहे.

मन्सा


बाबूपेठ
१८ सप्टेंबर १९८६

मन्सा बापू,

मडकं लावलं वाचून जीव थंडा झाला. कांताले सांगतलं तं तिनं कालनिर्नयावर एक तारखेले पेनानं टिपका देला.

एक गोष्ट सांगू का नाई असं दोन दिवस करत होतो. पन हरिदास कंडक्टर तुमच्या गावचा, त्याच्या तोंडून आयकशीन तं आनखी भडकशीन, म्हून मीच लिहितो. रविवारी गुरुजीच्या घरी बल्लारपूरचे पाव्हने आले होते. पोरगा मास्तर हाय. चष्मा हाय, अन् शिंकते भल्ला. कांतानं चहा नेला. मी आपल्या खिडकीतून पाह्यलं, निळी साडी नेसली होती, अन् त्याहीच्यासंग बोलता बोलता हसत होती. काय बोलनं झालं मले मालूम नाई. घरात पाव्हने आले तं पोरगी चहा नेतेच, त्यात काही नाई. तू भलतंसलतं डोक्यात घेऊ नोको. मडक्याले हात लावू नोको.

बाई


कोसमटोला
२२ सप्टेंबर १९८६

कांता,

ही चादर हरिदासभाऊंच्या हाती गिरजाबाईकडे पाठवतो आहे. तू सांगितलंस तसे वीस दिवस पूर्ण केले. मडकं ऑगस्टच्या शेवटीच लावलं होतं, गिरजाबाईला उशिरा कळवलं एवढंच. काळा रंग मला तुझ्यासाठी बरा वाटला नाही, म्हणून सागाचा लाल घेतला आणि तो लोखंडाच्या पाण्यात बसवून पक्का केला. आमच्याकडे तशी एक रीत आहे. मधलं मोठं पान आमच्या बांधावरच्या सागाचं आहे. कडेनं कोवळ्या पानांची रांग आहे, तशीच पानं, जसं तू माझ्या हातावर चोळलं होतंस.

कितीही धू. कशाहीसोबत धू.

निळी साडी तुला चांगली दिसते असं ऐकलं.

मनसाराम


बाबूपेठ
२७ सप्टेंबर १९८६

मन्सा,

चादर भेटली. बायका जमा झाल्या पाहाले. अशी लालबुंद चादर आपल्या मंडळात आजवर कोनी छापली नाई. बायनाबाई, कांताची आई, तीबी आली. हात फिरवून म्हनते, "हे कोन्या कारागिराचं काम हाय वं?" कांता कोपऱ्यात उभी होती. तिचं तोंड तू पाहाले पाह्यजे होतं. सगळ्या गेल्यावर चादर गालाले लावून उभी रायली. मले म्हनते, "बाई, त्यानं केलं. मले वाटलं नव्हतं, पन त्यानं केलं."

आता मी तुले एक इचारतो, खरं सांगजो. मले लिहिलं का ११ तारखेले मडकं लावलं. तिले लिहिलं का ऑगस्टात लावलं. मी सातवी शिकली, पन तारखा मले समजतेत. अन् लाल रंग लोखंडाच्या पान्यात बसवाची रीत मी वीस वर्षात आयकली नाई. लोखंडाच्या पान्यात लाल घातला तं काळा पडते.

ती दीक्षाभूमीच्या आधी धुतो म्हनते. अजून दिवस हायेत. काय हाय ते मले साफ लिही. मी तुह्यावर रागावनार नाई.

बाई


कोसमटोला
२ ऑक्टोबर १९८६

बाई,

तुझ्यापासून लपत नाही.

तुझं अठरा तारखेचं पत्र मला मडक्याच्या नवव्या दिवशी मिळालं. 'हसत होती' एवढे दोनच शब्द मी वाचले, बाकीचे वाचलेच नाहीत. झाकण काढलं, चिंधी बुडवून एक पान छापून पाहिलं. राखेसारखं आलं, पुसट. मला वाटलं, हे मडकंसुद्धा माझ्यावर हसतंय. लाथ मारली. चुलीसमोर सगळा काळा ओघळ झाला. आई बाहेरून धावत आली आणि मी तिच्या अंगावरून निघून बांधावर गेलो, सागाचे कोंब ओरबाडले, वरवंट्यानं ठेचले आणि दोन दिवसांत ती चादर छापून टाकली. रंग बसायला तुरटी नाही, काही नाही. निव्वळ कच्चा लाल. मग वर ते पत्र लिहिलं. ती निळ्या साडीत हसते तर मीही खोटं लिहू शकतो, असं काहीतरी डोक्यात होतं. आता मलाच ते नीट सांगता येत नाही.

पण बाई, ऐक. काल आई म्हणाली, "तुझं मडकं नेतं का नाई? माह्या चुलीमागं वास मारून राह्यलं." त्या दिवशी तिनं मडकं सरळ करून, अर्धं राहिलेलं पाणी तसंच झाकून ठेवलं होतं. कशाला, म्हटलं. म्हणाली, "तू रोज कान लावत होता म्हून." काल वीस दिवस पूर्ण झाले. मी उघडलं. वर साय बसली होती. गमछाचा कोपरा हिरड्यात बुडवून, वाळवून, त्यावर पान दाबलं. बाई, काळंभोर! शीर न् शीर. अमावस्येसारखं. साबणानं घासलं, दगडावर आपटलं, जागचं हललं नाही.

दुसरी चादर हिरड्यात घातली आहे. पाच तारखेपर्यंत छापून होईल. मग घाई करणार नाही. सात दिवस, रोज एकदा तलावावर धुईन. सात धुण्यांनंतर रंग राहिला तरच पाठवीन. या वेळी खोटं असं काही पाठवायचंच नाही. तोवर तिला लाल चादर धुऊ देऊ नको. हे पत्र तिला वाचून दाखव. नाहीतर मी स्वतः येऊन सांगतो. नाही, तू सांग. माझं तोंड तिनं आत्ता पाहू नये.

मन्सा


बाबूपेठ
१७ ऑक्टोबर १९८६

मन्सा,

कसं लिहू समजत नाई. दोन कागद फाडले.

तुझं दोन तारखेचं पत्र मले सहालेच भेटलं. मी ते कांताले दाखवलं नाई. तांदळाच्या डब्यात ठेवलं. ती रोज येत होती, गुणगुणत पानं पुसत होती, अन् माही जीभ उचलत नव्हती. मी म्हटलं, काळी चादर येऊ दे. दोन्ही चादरी संग घेऊन जाईन अन् म्हनीन, पाय वं, पोरगं चुकलं पन सुधारलं. खाली हातानं जाऊन तुह्या खोट्याचा कागद कसा वाचून दाखवू? रोज वाट पाहत होतो हरिदासची.

मले वाटलं ती पंधराले धुवन. तिनं चौदाले सकाळीच धुवाले घेतलं, कारन कपडे वाळून इस्त्री व्हाले पाह्यजे. सोळाले सगळे पांढऱ्या कपड्यात दीक्षाभूमीवर जातेत, तुले मालूमच हाय. यंदा तीस वर्सं झाली म्हून गुरुजीनं नवा सदरा शिवला होता. एकच. मन्सा, तिनं चादर एकटी नाई धुतली. त्याच घमेल्यात गुरुजीचा सदरा अन् पायजमा, बायनाबाईचं पांढरं लुगडं, सगळं घातलं. मुद्दाम घातलं. नळावरच्या बायकांनी म्हटलं, "लाल चादर हाय वं, पांढऱ्यात काऊन घालतं?" ती म्हने, "हा पक्का हाय. ज्यानं छापली त्यानं वीस दिवस लावले."

मी आवाज आयकून बाहेर आली तवर पानी लाल झालं होतं.

तिनं आरडाओरडा नाई केला. एकेक कपडा पिळला अन् वाळत घातला. सदरा, पायजमा, लुगडं. आखी दोरी गुलाबी. चादरीवर काही नाई उरलं, पिवळसर कपडा अन् कुठी कुठी गढूळ डाग. ती दोरीखाली उभी रायली, अन् बाया आपापले पान्याचे गुंड उचलून चालल्या गेल्या.

पंधराले दुपारी हरिदास आला. काळी चादर माह्या हातात देली. म्हने, "बारालेच तयार होती, माही गाडी आज होती." मी पडवीत बसून ती उघडली. मन्सा, इतकी सुंदर छाप मी जलमात पाह्यली नाई. अन् समोर दोरीवर ते कपडे.

काल गुरुजी तोच सदरा घालून दीक्षाभूमीवर गेले. वाटेत कोनी म्हने, "काय गुरुजी, होळी कवा खेळले?" गुरुजी म्हने, "धुण्यात लागला." एवढंच. बायनाबाई घरी रायली. छप्पनपासून तिचं एक वर्स चुकलं नव्हतं.

मंग मी तुझं पत्र अन् चादर दोन्ही कांताच्या हाती देलं. आता देऊन काय, पन देलं. ती तुले लिहीन म्हनते.

मले माफ करजो. नाईतं नोको करू.

गिरजा


चंद्रपूर
२१ ऑक्टोबर १९८६

मनसाराम,

जयभीम.

हे पत्र मी बाबांना सांगून लिहिते आहे. लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही.

निळ्या साडीत मी हसले, ते का ते तुला सांगून टाकते. पाहुण्यांना मी म्हटलं होतं, मला सोळा ऑक्टोबरपर्यंत उत्तर देता येणार नाही. एवढं धीट मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. भीतीनं हसू आलं. त्यांचा मुलगा चांगला आहे, तो म्हणाला, "थांबतो." तो थांबला.

बारा तारखेला मी तुझी लाल चादर बाबांसमोर अंथरली आणि तुझं नाव घेतलं. धुतल्यावर सांगायचं ठरलं होतं. पण मला वाटलं, ज्यानं वीस दिवस दिले त्याच्यासाठी मी एक धुणंही थांबू नये. बाबा बराच वेळ पानांकडे बघत होते. म्हणाले, "ढिवरांचा का? हात चांगला आहे पोराचा. रंग राहिला तर बोलव त्याला, बसून बोलू." आई रडली, पण नाही म्हणाली नाही. मनसाराम, बाबा हो म्हणाले होते. तुला हे माहीत असायला हवं.

म्हणूनच मी त्यांचा सदरा त्यात घातला. तू लिहिलं होतंस, कशाहीसोबत धू.

काळी चादर मी धुतली. तीन वेळा. रंग पक्का आहे, बारीकसारीक शीरही जात नाही. असं काम मला कधी जमणार नाही. पण मी तुझ्याकडे रंग मागितला नव्हता. वीस दिवस मागितले होते. तू नऊ दिलेस आणि वीस लिहिलेस. बाबा सोळा तारखेला घरी येऊन तो सदरा काढता काढता म्हणाले, "चिडका असता तर चाललं असतं. मीही होतो." पुढचं त्यांनी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

तुझी आई माझ्या हातचं पाणी पिईल, हेही तू तसंच लिहिलंस ना? न विचारता? आता मला तसं वाटतं.

बल्लारपूरला मी होकार कळवला आहे. चादर गिरजाबाईंकडे परत दिली. ती घरात ठेवता येणार नाही. तुझ्यावर मी रागावलेली नाही, हे मी खरं लिहिते आहे. राग असता तर बरं झालं असतं.

येऊ नकोस.

कांता


कोसमटोला
९ नोव्हेंबर १९८६

बाई,

तुझ्यावर राग नाही. ते पत्र तू डब्यात ठेवलंस त्याचाही नाही. मी असतो तरी मला ते तिच्यासमोर वाचता आलं नसतं. म्हणूनच तर तुझ्या गळ्यात घातलं.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. पाच तारखेला काळी चादर छापून झाली होती. सहाला मी ती पाठवू शकलो असतो, हरिदासभाऊंची गाडी होती. पण मी थांबलो. जन्मात पहिल्यांदा थांबलो. सात दिवस, सात धुणी, रोज उन्हात घडी घालून मोजत होतो, आणि स्वतःवर खूश होतो गं. काका म्हणाला, "आता याले संसार जमन." आणि त्याच सात दिवसांत तिकडे ते झालं. बाई, घाई केली म्हणून गेलं, आणि थांबलो म्हणूनही गेलं. आता मी काय शिकू यातून, तूच सांग. नको सांगू.

तू परत पाठवलेली चादर हरिदासभाऊंनी आणून दिली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. मी ती तलावात टाकायला निघालो होतो. आई म्हणाली, "चांगल्या वस्तूले कोनी पान्यात टाकते का?" तिनं ती हिसकून घेतली आणि आपल्या बाजेवर अंथरली. आता रोज सकाळी मी उठतो तर समोर तेच. आई त्या काळ्या पानांवर बसून उकडलेले शिंगाडे सोलते. टरफलांनी तिची बोटं काळी होतात आणि ती चादरीलाच पुसते. तिला वाटतं काळ्यावर काळं दिसत नाही. तिचं खरं आहे, दिसत नाही. दर आठवड्याला धुते. मी दुरून पाहतो, या वेळी तरी फिका झाला असेल. नाही होत. शेजारच्या बाया येऊन म्हणतात, "तुझ्या पोरानं छापली का गोकुळाबाई? असा गुण होता तं कॉलेजात काऊन धाडला वं?"

परवा मी आईला विचारलं. उशिरा का होईना, विचारलं. म्हटलं, "आई, बौद्धांची पोरगी या घरात आली असती, तर तू तिच्या हातचं पाणी प्यायली असतीस?" ती शिंगाडा सोलत होती. हात थांबला. मला वाटलं आता चिडेल. म्हणाली, "ते मडक्याचं तिच्यासाठीच होतं का?" मी मान हलवली. मग म्हणाली, "मले कोनी इचारलंच कवा?" आणि पुन्हा सोलायला लागली. पिईन म्हणाली नाही, नाही पिणार असंही म्हणाली नाही. मी थांबलो उत्तरासाठी, खूप वेळ थांबलो. तिनं एक सोललेला शिंगाडा माझ्या हातावर ठेवला. त्याच हातावर, बाई.

कांताचं लग्न या महिन्याच्या शेवटी आहे असं हरिदासभाऊ म्हणाले. बायनाबाईंनी तुझ्याकडे उशीच्या खोळी आणि पडदे छापायला टाकले आहेत, तेही कळलं. चांगले छाप. हिरडा दाट घे. मडकं वीस दिवसांआधी उघडू नको. तुला मी काय सांगायचं, पण सांगतो.

भामरागडच्या बाजूला बांबूतोडीची टोळी चालली आहे, हेमलकशाच्याही पुढं कुठंतरी. वडाखाली ट्रक उभा आहे. तिथं कोणाला चादरी लागत नाहीत, लोक जमिनीवर निजतात, असं मुकादम म्हणाला. मी म्हटलं, मग ठीक आहे. कधी येईन माहीत नाही. आईकडे जाऊन येत जा. तिला मी सांगितलेलं नाही. ती तलावावर गेली आहे. सांगितलं तर ती काही म्हणणार नाही, नुसती चुलीकडे बघेल, आणि ते मला सोसणार नाही.

कपड्यांची पिशवी भरली. मडकं चुलीमागं तसंच आहे, रिकामं, आतून गंजाचा लाल थर धरलेलं. हात घालून पाहिला. तो लाल मात्र हाताला लागत नाही.

हे शेवटचं बाहेर उंबऱ्यावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. आमच्या दाराला कुलूप नाही, नुसती साखळी आहे. ती मी कधी लावली नाही. आई नेहमी ओरडते, "दार उघडं टाकतं, कुत्रं बाजेवर चढते." मघाशी निघताना मागं वळून पाहिलं. उन्हाची एक पट्टी चादरीवर आली होती, मधल्या मोठ्या पानावर. शीर न् शीर दिसत होती. कुत्रं तिच्यावर चढू नये, म्हणून दार ओढून घेतलं आणि साखळी लावली.